नियत, माप आणि माणूस

मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट समुद्रातून जाते. भरती आली की ती पाण्याखाली जाते आणि ओहोटी लागली की पुन्हा वर येते. याच परिसरात, रस्त्याच्या अलीकडे, अपंगांच्या पुनर्वसनासाठी १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे कुणी कुबड्या घेऊन येतो, कुणी कृत्रिम पाय बसवून घ्यायला येतो, कुणी दोन समांतर दांड्यांना धरून पुन्हा पहिले पाऊल टाकायला शिकतो. त्यातले कितीतरी जण आधी किंवा नंतर दर्ग्यावर जाऊन येतात. दवा आणि दुआ यांच्यामध्ये जेमतेम एक रस्ता. आपल्या समाजाला या दोन्हींचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. पण या दोन्हींच्या मध्ये तिसरी एक गोष्ट असते आणि तिच्याबद्दल आपण फारसा विचार करत नाही. ती म्हणजे नियत.

नियत साफ असली की झाले, असे आपण सहज म्हणतो. आईबापांची सेवा करणारा मुलगा, रुग्णाला चालवणारा फिजिओथेरपिस्ट, औषध देणारा डॉक्टर यांच्या हेतूबद्दल शंका नसेल, तर त्यांच्या कृतीबद्दल विचारायचे कशाला? अल्लाहच्या दरबारात नियतीचे मोल आहे, यात वाद नाही. पण ज्याच्या शरीरावर आपली नियत चालते, त्याच्या बाजूने पाहिले तर नियत पुरेशी असते का? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. माझ्यापुरता तर तो मुळीच सोपा नाही.

२००९ च्या पावसाळ्यात माझ्या अब्बांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. तालुक्याच्या गावातून जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत रात्र झाली. सकाळी डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला आहे, आता चालवावे लागेल." हे वाक्य मी हुकुमासारखे धरले. कितीदा चालवायचे, किती वेळ चालवायचे, हे ना त्यांनी सांगितले, ना मी विचारले. त्याच दिवशी मी आणि माझा धाकटा भाऊ अब्बांना काखेत धरून उभे करू लागलो. दिवसातून कितीतरी वेळा आणि प्रत्येक वेळी जमेल तितका वेळ. अब्बांची मान खाली जायची, कपाळावर घाम यायचा. एकदा ते म्हणाले, "अब नै होता, बेटा." मी म्हटले, "होतंय अब्बा, थोडंच राहिलं." वॉर्डातले लोक कौतुकाने पाहत होते. अशी मुले नशीब असेल तरच मिळतात, असे शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली. ते ऐकून मी अब्बांना आणखी दोन पावले चालवले.

अब्बा त्यानंतर चार वर्षे जगले. काठी टेकत अंगणापर्यंत यायचे. उजवा हात मात्र शेवटपर्यंत नीट उघडला नाही.

आता मला ऑस्ट्रेलियातील एका संशोधक फिजिओथेरपिस्टबद्दल सांगायचे आहे. त्यांचे नाव ज्युली बर्नहार्ट. मेलबर्नच्या फ्लोरी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी लकव्याच्या रुग्णांच्या पुनर्वसनावर वर्षानुवर्षे काम केले आहे. लकव्याच्या रुग्णाला अंथरुणात पडू देऊ नये, लवकरात लवकर उभे करावे, हा विचार त्या काळी जोर धरत होता. त्याला कारणेही होती. पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पायातल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात, स्नायू झिजतात. शिवाय इजा झालेल्या मेंदूला लवकर सराव दिला तर तो लवकर शिकेल, अशी आशाही होती. बर्नहार्ट यांनाही हे पटलेले होते. पण त्यांना हेही ठाऊक होते, की पटणे आणि सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून त्यांनी 'अव्हर्ट' या नावाची चाचणी उभी केली. आधी ७१ रुग्णांवर छोटा प्रयोग झाला आणि मग मोठा. मोठ्या चाचणीत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रिटन या पाच देशांतील ५६ रुग्णालये आणि २,१०४ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची दोन गटांत वाटणी केली गेली. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याखेरीज चोवीस तासांच्या आत आणि जास्त वेळा अंथरुणातून उठवून उभे करण्यात, चालवण्यात आले.

२०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती, म्हणजे त्यांना रोजच्या व्यवहारात फारसे परावलंबन उरले नव्हते. लवकर आणि जास्त चालवलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे ज्यांच्यासाठी जास्त मेहनत घेतली, त्यांचेच थोडे कमी भले झाले. पुढच्या वर्षी याच माहितीची फोड करून आणखी एक गोष्ट समोर ठेवण्यात आली. सुरुवातीच्या दिवसांत एका वेळी कमी वेळ, पण अधिक वेळा उठवणे हिताचे दिसत होते. एकाच वेळी जास्त वेळ ताणणे हिताचे दिसत नव्हते.

याचा अर्थ लकव्याच्या माणसाला पडू द्यावे असा कुणी काढू नये. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातील बहुतेकांनाही एका दिवसाच्या आसपास उठवले गेले होते. पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत व्यायाम हाच खरा इलाज आहे. प्रश्न पहिल्या काही तासांचा आणि मात्रेचा होता. औषधाची मात्रा असते हे आपण मानतो. मायेची मात्रा असते हे मानायला आपण तयार नसतो.

ही हकीकत वाचली तेव्हा मला आधी अब्बा आठवले आणि मग बर्नहार्ट यांचे धैर्य जाणवले. ज्या गोष्टीवर आपला विश्वास आहे, जिच्यावर आपण कारकिर्दीची ऐन वर्षे घालवली, तीच चुकीची ठरू शकेल असा सापळा स्वतःच्या हाताने रचायचा आणि ती चुकीची ठरली तेव्हा जगापुढे आपल्याच नावाने तसे लिहून द्यायचे. कुणी म्हणेल, हे तर शास्त्रज्ञाचे कामच आहे. असेल. पण आपण स्वतःला विचारून पाहावे, की आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या एखाद्या चांगल्या कामाची अशी तपासणी केली आहे? मदरसा चालवणारा, दवाखाना काढणारा, मुलीचे लग्न जमवणारा, व्यसनी भावाला घरात कोंडणारा, असा प्रत्येकजण नियतीचा दाखला देतो. ज्याच्यासाठी केले, त्याचे पुढे काय झाले हे मोजायला कुणी मागे वळत नाही.

इब्न सिनाच्या 'अल-कानून'मध्ये व्यायाम आणि मालिश यांवर स्वतंत्र विवेचन आहे. व्यायामासाठी त्याचा शब्द 'रियाजत'. आपल्या गवयांचा 'रियाज' त्याच घरचा. अतिव्यायामाने येणाऱ्या थकव्याचे प्रकारही त्याने सांगितले आहेत. पण हे सांगून "आमच्याकडे सारे आधीच होते" असा सूर मला लावायचा नाही. इब्न सिनाने दोन हजार रुग्णांची चिठ्ठी टाकून वाटणी केली नव्हती. त्याने आपल्या काळात डोळे उघडे ठेवून पाहिले, हेच त्याचे मोठेपण. त्याचे नाव घेऊन आपण डोळे मिटणार असू, तर तो त्याचा सन्मान नव्हे.

म्हणजे नियतीवर मापाचा पहारा हवा. इथपर्यंत युक्तिवाद सरळ आहे. पण मापावर कुणाचा पहारा?

फिजिओथेरपीच्या जगात आज मोजण्याची साधने पुष्कळ आहेत. चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात आणि भोवतीचे कॅमेरे प्रत्येक सांध्याचा कोन टिपतात. जमिनीत बसवलेली पट्टी पावलाचा दाब मोजते. त्वचेवर लावलेल्या तारा स्नायूंतली वीज मोजतात. ज्या प्रयोगशाळेत क्रिकेटपटूच्या गोलंदाजीचे विश्लेषण होते, त्याच यंत्रांवर लकव्याच्या रुग्णाचे पाऊलही तपासता येते. हे चांगलेच आहे. पण यंत्र तेच मोजते जे मोजायला आपण त्याला सांगतो. काय मोजावे हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. आणि तो माणूस कुठेतरी राहतो, कसातरी बसतो, कुठल्यातरी पद्धतीने जेवतो.

एक साधे उदाहरण घेऊ. १९६५ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात डॉ. फ्लॉरेन्स महोनी आणि फिजिकल थेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती बार्थेल इंडेक्स या नावाने जगभर वापरली जाते. तिच्यात दहा गोष्टी आहेत. जेवणे, अंघोळ, तोंड धुणे-केस विंचरणे, कपडे घालणे, शौच व लघवीवरील ताबा, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीत जाणे, चालणे आणि जिना चढणे. सगळे जमले तर शंभर गुण. मोजपट्टी उपयुक्त आहे आणि तिच्या कर्त्या प्रामाणिक होत्या. शंभर गुण मिळालेला माणूस एकटा राहू शकेलच असे नाही, त्याला स्वयंपाक किंवा लोकांत मिसळणे जमेलच असे नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले होते. पण आपण या पट्टीकडे आपल्या घरातून पाहिले तर काय दिसते? तिच्यात खाटेवरून खुर्चीत जाणे आहे, जमिनीवरून उठणे नाही. दस्तरखानावर मांडी घालून बसणे नाही, वजूसाठी पाय धुणे नाही, सजदा नाही. उकिडवे बसणेही नाही. तेव्हा हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. शेतात खुरपणाऱ्या बाईचा आहे, पंगतीत बसणाऱ्या वारकऱ्याचा आहे आणि चटईवर जेवणाऱ्या जपानी माणसाचाही आहे.

माझ्या मोठ्या खालांचे दोन्ही गुडघे बदलले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. चालायला गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकावा लागतो, खुर्चीतून उठायला ९० च्या पुढे. खालांचा ११० अंश वाकत होता. कागदावर त्या पास झाल्या होत्या. पण अत्तहियातला टाचांवर बसायचे तर गुडघा १४०-१५० अंशांपर्यंत दुमडावा लागतो. "खाली बसायचं नाही, आता खुर्ची," असे त्यांना सांगण्यात आले. घरातल्या आम्हा सर्वांना ते सोयीचे वाटले. "इस्लाममध्ये सवलत आहे खाला, खुर्चीवर पढा," आम्ही म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. मात्र नमाजनंतर बराच वेळ तशाच बसून राहू लागल्या.

काही महिन्यांनी घरी व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने पिशवी उघडण्याआधी विचारले, "मावशी, तुम्हाला काय परत करायचं आहे?" आमच्यापैकी कुणीही हे विचारले नव्हते. खाला म्हणाल्या, "एकदा जमिनीला कपाळ लावायचं आहे." मुलगी हसली नाही, नाही असेही म्हणाली नाही. तिने शल्यचिकित्सकांना फोन लावून कुठपर्यंत चालेल ते विचारून घेतले. नुसता सजदा गुडघ्याला त्या बैठकीइतका अवघड नसतो, हे तिने स्वतः करून पाहून ओळखले. जाड गादी, पलंगाचा आधार, आधी मांड्यांची ताकद. सहा-सात आठवडे गेले. एका दुपारी खालांनी जोहरच्या वेळी गादीवर गुडघे टेकले आणि कपाळ लावले. उठायला दोघींनी हात दिला. तसे त्यांनी तीन-चार वेळा केले असेल. मग त्यांनी स्वतःहून खुर्ची मागवली. मी विचारले तर म्हणाल्या, "आता सवलत मी घेतली. आधी तुम्ही ती माझ्यावर घातली होती."

या वाक्यात जे आहे ते मला कुठल्याही ग्रंथात इतके उघडे दिसले नव्हते. सवलत ही घेणाऱ्याची असते. दुसऱ्याने ती लादली की तिचा हुकूम होतो. आणि दया केलेल्या माणसाला तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

जयपूर फूटची गोष्ट याच कारणासाठी मला मोलाची वाटते. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बुटात घालायला बनवलेला होता. त्याने उकिडवे बसता येत नसे, अनवाणी चिखलात चालता येत नसे. पाय मिळालेले लोक तो घरी ठेवून पुन्हा कुबडी घेत. पाय चांगलाच होता, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यासाठी होता. मग रबर, लाकूड आणि टायरच्या कामातली कारागिरी वापरून असा पाय तयार झाला, की ज्याने मांडी घालता येते आणि झाडावरही चढता येते. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी माप बदलले ते लोकांच्या बसण्याकडे पाहून.

आता कुणी विचारेल, की रुग्ण म्हणेल तेच ध्येय मानायचे तर मग उंच ध्येय कुणी दाखवायचे? प्रश्न योग्य आहे. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ साली स्टोक मँडव्हिल येथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्या काळी अशा सैनिकांकडून मरणाची वाट पाहण्याखेरीज कुणी काही अपेक्षा करत नसे. गुटमान यांनी त्यांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक जन्माला आले. आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या. मुष्टियुद्ध खेळणारा सैनिक, पाय गेल्यावर पाण्यात उतरला.

अशी माणसे उजेड देतात. पण त्यांच्या गोष्टीचा आपण कसा उपयोग करतो ते पाहावे. "पेटकर करू शकले, तुम्ही का नाही?" असे अंथरुणावरच्या माणसाला विचारले की उजेडाची चाबूक होते. गुटमान यांनी सैनिकांपुढे दार उघडले होते. आपण दार उघडतो आणि मागून ढकलतोही. मानवी कार्यक्षमता वाढवण्याचे जे तंत्रज्ञान आज येते आहे, म्हणजे लकव्याच्या माणसाला उभे करून चालवणारा यांत्रिक सांगाडा, मनगटावरचे पावले मोजणारे घड्याळ, त्याच्यात हा मोह अधिकच आहे. आकडा रोज वाढला पाहिजे, असे ते यंत्र न बोलता सांगत राहते. ज्याचा आकडा वाढत नाही तो माणूस स्वतःला गुन्हेगार समजू लागतो.

इथे मला नमाजच्या मसल्याचा विचार करावासा वाटतो. उभे राहणे शक्य नसेल त्याने बसून पढावी, बसणे शक्य नसेल त्याने कुशीवर पढावी आणि तेही जमत नसेल तर इशाऱ्याने. ही पायरीपायरीने उतरणारी मोजपट्टी आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून तिच्यातले वेगळेपण आपल्या लक्षात येत नाही. बार्थेलच्या पट्टीवर जो खाली उतरतो त्याचे गुण कमी होतात. या पट्टीवर कुशीवर पडलेल्या माणसाची नमाज पाव किंवा अर्धी होत नाही, पूर्ण होते. कारण इथे माणसाला दुसऱ्याच्या ताकदीने मोजलेले नाही, त्याच्या स्वतःच्या ताकदीने मोजलेले आहे. मात्र यात एक अटही आहे. जो उभा राहू शकतो त्याने बसून पढायची नाही. म्हणजे ही पट्टी ना आळसाला जागा देते, ना जुलमाला. आणि किती जमते, हे शेवटी ज्याचे त्यालाच आपल्या मनाशी ठरवावे लागते.

याचा अर्थ फिजिओथेरपिस्टने कोन मोजणे सोडून फिकह वाचावे असा नाही. खालांच्या घरी आलेल्या मुलीला अंश मोजता आले नसते, तर तिचा चांगुलपणा खालांना पाडून गेला असता. आणि तिने प्रश्न विचारला नसता, तर तिचे अंश कागदावरच राहिले असते. दोन्ही पहारे हवेत. नियत चुकू नये म्हणून माप हवे आणि माप आंधळे होऊ नये म्हणून ज्याला मोजतो त्या माणसाचा शब्द हवा. यांतला एकही पहारा उठला की भलाई आणि जुलूम यांतले अंतर हाजी अलीच्या वाटेसारखे पाण्याखाली जाते. चालणाऱ्याला वाटते, वाट अजून तिथेच आहे.

शरीर ही अमानत आहे, असे आपण म्हणतो. सहसा आपण ते स्वतःच्या शरीराबद्दल म्हणतो. पण आजारी माणसाचे शरीर काही काळ आपल्या हाती येते, तेव्हा तीही अमानतच असते, आणि अमानतीचा मालक समोर जागा असतो. त्याला विचारता येते.

त्या दोन दिवसांत मी अब्बांना जे चालवले त्याने त्यांचे नुकसान झाले, की काहीच झाले नाही, हे मला कधीही कळणार नाही. हजारो रुग्णांची सरासरी एका माणसाबद्दल एवढे सांगू शकत नाही. म्हणून त्यांचा हात माझ्यामुळे गेला असे मी म्हणत नाही आणि नाही असेही म्हणत नाही. माझ्या मनाला लागून राहिली आहे ती दुसरीच गोष्ट, आणि तिच्यासाठी कुठल्या चाचणीची गरज नाही. अब्बा म्हणाले होते, "अब नै होता, बेटा." त्या क्षणी उपलब्ध असलेले सर्वांत खरे माप तेच होते. माझी नियत साफ होती, म्हणून मला ते ऐकू आले नाही.